मालकाची मेडलं आणि हॅचची झाकणं

अरे मित्रा,

तुझा मेसेज परवाच वाचला पण हे असं दोन ओळीत सांगण्यासारखं नाहीये म्हणून सावकाश लिहितोय. ज्या शिपिंग कंपनीत तू नोकरी धरणार आहेस तिच्या ऑफिसात मालकाचे मिलिटरीतले फोटो आणि मेडलं बघून तू एकदम खूष झालास, "काका, आर्मीवाला माणूस आहे, बोट पण शिस्तीतच असणार" असं लिहिलंयस. म्हणून म्हटलं तुला बिबी बाप-लेकांबद्दल सांगावं.

लिव्हरपूलची बिबी लाइन, 1807 पासूनची, घरचीच कंपनी. वडील सर हॅरल्ड, पहिल्या महायुद्धात डीएसओ हे लढाईतलं पदक मिळालेले. मुलगा सर डेरेक, जन्म 1922 चा, दुसऱ्या महायुद्धातला मिलिटरी क्रॉस, ते पण शौर्याचं पदक. म्हणजे दोन पिढ्या लढाईत नाव काढलेल्या आणि घरी येऊन बोटी चालवणाऱ्या. यांच्या बोटींना इंग्लंडमधल्या काउंट्यांची नावं असायची, लँकेशायर, डेव्हनशायर, ऑक्सफर्डशायर, आणि कोलंबो-रंगून लाइन ही यांची खास, शिवाय सैनिकांची ने-आण वेगळीच. एक गंमत सांगतो. आतल्या बाजूच्या केबिनला पण पोर्टहोल मिळावा म्हणून यांनी केबिन इंग्रजी एल सारखी केली, म्हणजे खोली आत आणि तिच्यातून एक अरुंद बोळ थेट पोर्टहोलपर्यंत. एसी नसताना रेड सीमधून जायचं म्हणजे काय हे तुला इतक्यात नाही कळणार, पण त्या बोळातून येणाऱ्या वाऱ्यावर माणसं झोपत होती. अजूनही बोटवाले त्याला बिबी केबिनच म्हणतात. थोडक्यात काय तर विचार करणारे मालक होते, हे मान्यच.

आता पुढचं ऐक. डेरेकसाहेब चेअरमन असतानाच, सप्टेंबर 1980 मध्ये, यांची डर्बीशायर नावाची बोट कॅनडातून जपानला दीड लाख टनांच्या वर आयर्न ओर, म्हणजे लोहखनिज, घेऊन निघालेली, 294 मीटर लांब, बांधून जेमतेम चार वर्षं झालेली, ती ओकिनावाजवळ ऑर्किड नावाच्या टायफूनमध्ये, म्हणजे समुद्री वादळात, बुडाली. 44 माणसं, त्यात दोघांच्या बायका पण होत्या. मेडे नाही, म्हणजे रेडिओवर मदतीची हाक नाही, काही नाही. ब्रिटनची समुद्रात बुडालेली सगळ्यात मोठी बोट.

पहिल्या चौकशीचा निकाल 1989 ला आला, की बहुतेक निसर्गाच्या जोरापुढे टिकली नाही. झालं, फाइल बंद. घरच्यांनी मात्र सोडलं नाही, शेवटी खलाशांच्या युनियनच्या पैशाने 1994 ला चार किलोमीटर खोल सापडली. मग फोटो बिटो काढून तज्ज्ञांनी सांगितलं काय, तर पुढच्या बोसन स्टोअरचं, म्हणजे नाकाजवळच्या सामानाच्या खोलीचं, झाकण क्रूने नीट बंद केलं नव्हतं! म्हणजे जी माणसं बोलायला उरली नाहीत त्यांच्याच गळ्यात. मला हे आजही वाचवत नाही.

शेवटी 2000 साली, पुन्हा झालेल्या चौकशीत, जस्टिस कोलमननी क्रूवरचा तो ठपका उडवून लावला. त्यांचं म्हणणं असं की पुढच्या डेकवरचे व्हेंटिलेटर आणि एअर पाइप लाटांनी तुटले, तिथून पाणी आत झिरपत राहिलं, नाक हळूहळू खाली गेलं, आणि मग लाटा थेट एक नंबरच्या हॅचवर, म्हणजे माल भरायच्या तोंडावर, बसायला लागल्या. ते झाकण कोसळलं, मग दोन नंबर, मग तीन. आयर्न ओर एवढं जड की होल्ड, म्हणजे मालाची कोठी, वरपर्यंत भरताच येत नाही, वर नुसती पोकळी, ती पाण्याने भरायला कितीसा वेळ लागतो? आणि झाकणं तेव्हाच्या 1966 च्या नियमात बसणारीच होती बरं का.

आता डेरेकसाहेब वाईट होते असं मी अजिबात म्हणत नाहीये. माणूस शूर होता, उगाच मिलिटरी क्रॉस देत नाहीत. पण तो क्रॉस लिव्हरपूलला आणि झाकण पॅसिफिकमध्ये, त्या क्रॉसचा झाकणाला काय उपयोग?

मी थर्ड मेट, म्हणजे बोटीवरचा ज्युनियर ऑफिसर, असताना एकदा रात्री वेदर बिघडत होतं, सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणाला साब सगळं टाइट केलंय, मी लॉगमध्ये लिहिलं पण, आणि का कोण जाणे टॉर्च घेऊन परत पुढे गेलो. एका झाकणाची दोन क्लिटं, म्हणजे झाकण घट्ट धरून ठेवणारे खटके, गंजून जाम, नुसती रंगवलेली. त्यात सारंगची चूक नव्हती, तीन महिने आम्ही स्पेअर मागत होतो आणि ऑफिसचं उत्तर एकच, नेक्स्ट पोर्ट. ती ऑफिसं पण चांगली चकचकीत असतात हां.

तेव्हा तू भिंतीवरचे फोटो सोड आणि त्या बोटीवरून नुकताच उतरलेला एखादा कॅडेट गाठ, त्याला चहा पाज, विचार की हॅचचं रबर कधी बदललं, मागितलेलं सामान किती दिवसांनी येतं. तो हसला तर समजून जा. आणि कॉन्ट्रॅक्टची कॉपी मला पाठव, सही करायच्या आधी, नंतर नको.

तुझा काका