‘माझ्या जीवनाला फळ का नाही?’

विदर्भातील खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती कुटुंबांशी बोलताना एक खंत मी वारंवार ऐकतो : ‘मी नेमाने प्रार्थना करतो, उपासना चुकवत नाही, तरी प्रभूसाठी माझे जीवन निष्फळच आहे.’ असे म्हणणारी माणसे बहुधा मंडळीतील, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायातील, सर्वांत निष्ठावंत असतात. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना तिचे फाटे म्हणतो, आणि फळ न देणारा फाटा माळी, म्हणजे देवपिता, काढून टाकतो, असे सांगतो. ते वचन त्यांच्या मनात रुतून बसलेले असते.

वरूड तालुक्यातील एक ताई याच धास्तीने आल्या. पूर्वी त्या संडे स्कूल घेत, गावोगावच्या प्रार्थनासभांत साक्ष देत. सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून ते सारे थांबले होते. “भाऊ, माझ्यामुळं एकही माणूस प्रभूकडे आला नाही जी. मी तोडून टाकायच्या फाट्यातली,” त्या म्हणाल्या.

मी त्यांची समजूत घालायला गेलो नाही. माणसाच्या श्रद्धेविषयी बोलायचे तर आधी त्याच्या घराविषयी विचारावे, ही माझी पद्धत आहे आणि तिने मला क्वचितच दगा दिला आहे. म्हणून मी त्यांना आदला दिवस सांगायला सांगितला. पहाटे सासूबाईंची कूस बदलणे, पाठीला जखम होऊ नये म्हणून अंग पुसून कोरडे करणे, मग चमच्याने पेज भरवणे. आणि ती पेज त्यांनी थुंकून टाकली होती.

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करू जी? तोंड पुसलं, जराशानं पुन्हा भरवली.”

“लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत काय केलं असतं?”

“वाटी आपटली असती,” त्या चटकन म्हणाल्या आणि स्वतःच थबकल्या.

तेव्हा मी गलतीकरांस पत्रातील 5व्या अध्यायाची 22वी व 23वी ओवी त्यांच्याकडून वाचून घेतली. पवित्र आत्म्याचे फळ कोणते, याची यादी तिथे आहे. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता... इंद्रियदमनापर्यंत वाचून त्या पुन्हा वर आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, यात संडे स्कूल नाहीच.”

त्या यादीत एकही काम नाही. आहेत ते नऊ गुण, आणि त्यांतील बहुतेकांचा कस दुसरे माणूस जवळ असल्याशिवाय लागतच नाही. म्हणूनच आपल्या फळाचा हिशेब आपण स्वतः मांडू नये. घरातल्या माणसाला विचारावे. योहानाच्या त्या अध्यायातही फाट्याला सांगितलेले काम एकच आहे, वेलीत राहण्याचे, आणि पुढे लगेच एकमेकांवर प्रीती करण्याची आज्ञा येते.

प्रार्थनेत मन कोरडे पडते, ही त्यांची दुसरी व्यथा. त्यांच्या संत्र्याच्या बागेला आंबिया बहारासाठी, म्हणजे झाडे नीट फुलावीत म्हणून, डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण देतात, त्याची आठवण मी करून देताच त्या म्हणाल्या, “पण ताण लांबला तर झाड वाळते.” हे त्यांनी अगदी योग्य सांगितले. कोरडेपणा म्हणजे देवाने टाकून देणे नव्हे, परंतु संगतीवाचून माणसाला वर्षानुवर्षे ठेवणेही बरे नव्हे. त्यांच्या संमतीने मी मंडळीच्या पाळकांशी, म्हणजे धर्मगुरूंशी, बोललो. आता आठवड्याची प्रार्थनासभा त्यांच्याच ओसरीवर भरते आणि प्रभूभोजन, म्हणजे भाकर व द्राक्षरसाचा पवित्र विधी, सासूबाईंच्या खाटेपाशी दिले जाते. घरी आजारी माणूस असलेल्या प्रत्येक कुटुंबासाठी मंडळ्यांनी एवढे करावेच.

ताईंचा जावेशी असलेला अबोला मात्र अजून सुटलेला नाही. पुढच्या भेटीत आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत.