स्वेटर नंतर, आधी फरशी बघा

थंडी सुरू झाली की पत्रांमध्ये स्वेटरच स्वेटर. पण कुत्र्याला गारठा बऱ्याचदा वरून नाही तर खालून लागतो, गार फरशीतून, नाहीतर अंग ओलं राहिल्यामुळं, त्यामुळं यावेळची बरीच उत्तरं फिरून फिरून तिथंच येणारेत, सांभाळून घ्या.

ताई, आमचा लॅब्रॅडोर पाच वर्षांचा आहे. त्याच्यासाठी मुद्दाम जाड गादी आणि स्वेटर आणला. स्वेटर तो दातानं ओढून काढतो आणि गादी सोडून फरशीवर पसरतो. आई म्हणते त्याला ताप येईल. जबरदस्ती करू का?

अजिबात नको. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन या मंडळींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा राठ आणि आतला मऊ, दाट. आतल्या थरात हवा अडकते आणि ती अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. वरून घट्ट स्वेटर चढवला की केस दबतात, हवा निघून जाते, म्हणजे आपणच पैसे खर्चून त्याची ऊब घालवतो. ऐसपैस पसरून झोपलेला कुत्रा सांगतोय की मला बरं वाटतंय. गार लागलं की तो मुटकुळं करतो, नाक शेपटीखाली घालतो. गादी तिथंच राहू द्या, पहाटे गारठा वाढला की बघा कसा गुपचूप येऊन बसतो.

आणि आईंना सांगा, फरशीवर झोपून ताप येत नाही. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच साधारण ३८.३ ते ३९.२ सेल्सियस असतं, आपल्यापेक्षा जास्त, म्हणून हात लावला की अंग कायम गरमच लागतं. नाक कोरडं म्हणजे ताप हेही खरं नाही, थर्मामीटर लावल्याशिवाय कळत नाही. तुम्ही एकच करा, थंडीत त्याचे केस बारीक कापू नका आणि नियमित विंचरा, कारण गुंता झालेल्या केसांत हवा धरली जात नाही.

आमची मिनिएचर पिन्शर सारखी थरथरते. तिला स्वेटर घालावा ना? आणि पाय बर्फासारखे लागतात, मोजे घालू का?

तिला घालाच. आकार लहान असला की वजनाच्या मानानं कातडीचा पसारा जास्त पडतो, उष्णता भराभर निघून जाते, त्यात तिचे केस आखूड, आतला थर नाही आणि अंगावर चरबीही नाही. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ कुत्र्यांचं पण तेच, उंच असली तरी गारठतात. स्वेटर घेताना पाठीवरची नक्षी बघू नका, पोट झाकलं जातंय का ते बघा, कारण पोटावर केस विरळ असतात आणि जमिनीचा गारठा तिथंच आधी लागतो. गळ्यापाशी दोन बोटं सहज जायला हवीत, पुढच्या पायांच्या बगलेत काचायला नको आणि चावून गिळता येतील अशी बटणं, मणी नकोत. दिवसातून एकदा तरी काढून कातडी बघा, केस विंचरा. ओला झाला तर लगेच काढा, ओला स्वेटर अंगावर असण्यापेक्षा नसलेला बरा.

थरथरीबद्दल मात्र एक. कुत्री भीतीनं थरथरतात, आनंदानं थरथरतात, दुखत असलं तरी थरथरतात, आणि एकदम छोट्या जातींची पिल्लं उपाशी राहून रक्तातली साखर कमी झाली तरी थरथरतात. उबदार खोलीत, पांघरुणात बसूनही थांबत नसेल तर तो थंडीचा प्रश्न नाही, डॉक्टरांना दाखवा.

पायांचं फार मनावर घेऊ नका. पंजात जाणारं गरम रक्त आणि तिथून परत येणारं गार रक्त यांच्या नळ्या एकमेकींना अगदी खेटून असतात, त्यामुळं परत येणारं रक्त वाटेतच गरम होतं आणि पंजा गार असला तरी आतलं शरीर गार पडत नाही. जपानमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये कुत्र्याच्या पंजातली ही रचना नीट तपासून मांडली होती. घरात मोजे घातले तर उलट गुळगुळीत फरशीवर घसरायची. बर्फात, किंवा बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथं चालणार असाल तर बूट घाला, नसेल जमत तर घरी आल्यावर पंजे कोमट पाण्यानं धुऊन बोटांमधली जागा कोरडी करा, कारण ते मीठ कातडीला झोंबतं आणि पंजे चाटताना पोटातही जातं.

थंडीत कुत्र्याला चमचाभर ब्रँडी द्यावी असं ऐकलंय. किती द्यावी?

शून्य. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरून गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते, शिवाय कुत्र्याला दारू थोडी सुद्धा विषारी. ज्यानं सांगितलं त्याला हे पान वाचायला द्या.

आमची बारा वर्षांची म्हातारी कुत्री सकाळी उठताना कण्हते, मागचे पाय आखडतात, थोडं चालली की बरी असते. घरात बाबांच्या गुडघेदुखीच्या गोळ्या आहेत, त्यातली अर्धी दिली तर चालेल का?

नाही नाही नाही, हे वाचताय तोवर दिली नसेल अशी आशा आहे. आपली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे कुत्र्यांना झेपत नाहीत, पोटात अल्सर होतात, किडनीवर जातं. पॅरासिटामॉलसुद्धा मनानं द्यायची नाही. दिली गेली असेल तर पुढचं वाचत बसू नका, उलटी व्हायची वाटही बघू नका, डॉक्टरांना फोन करा.

तुम्ही लिहिलंय ते सांध्यांच्या झिजेसारखं वाटतंय, गारठ्यात ते जास्त जाणवतं. कुत्र्यांसाठीची वेगळी औषधं असतात, ती डॉक्टरांकडून तिला तपासून घेऊनच सुरू करा. घरात करण्यासारखं म्हणजे तिची झोपायची जागा फरशीपासून थोडी उचला, पण इतकीच की तिला उडी मारावी लागणार नाही, आणि गादी अशी हवी की तिच्या वजनानं दबून खालची फरशी लागत नाही. दाराच्या फटीतून वारा येतो तिथून हलवा. ती उठते तिथपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुनी सतरंजी टाका, घसरायच्या भीतीनंच म्हातारी कुत्री जास्त आखडतात. फिरणं बंद करू नका, ऊन आल्यावर थोडं थोडं दोनदा फिरवा. वजन वाढू देऊ नका, थंडी म्हणून जास्त खाऊ घालणं हे दिवसभर बाहेर राहणाऱ्या कुत्र्यांना ठीक, घरातल्या म्हातारीला ते सगळं गुडघ्यांवर येतं.

आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली रस्त्यावरच्या कुत्रीला पिल्लं झालीत, डोळेही उघडले नाहीत. रात्री खूप गारठा असतो. घरात आणू का? काय घालू?

आई बरोबर असेल तर पिल्लं उचलू नका, त्यांची ऊब म्हणजे तीच. जन्मलेल्या पिल्लाला पहिले काही दिवस थरथरून अंग गरम करताच येत नाही, ते आईला आणि एकमेकांना चिकटूनच तगतं. तुम्ही जागा सुधारा. एक मोठा पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा, उघडी बाजू वारा आत शिरणार नाही अशी, खाली विटा किंवा फळी घालून जमिनीपासून उचललेला. खोका फार मोठा नको, आई वळून आडवी होऊ शकेल एवढाच, मोठ्या खोक्यात तिच्या अंगाची ऊब टिकत नाही. आत कोरडं पोतं, त्यावर पेंढा मिळाला तर सगळ्यात उत्तम. चांगलं ब्लँकेट देताय त्याचं कौतुक आहे पण उघड्यावर ते ओल धरतं आणि मग सुकत नाही, पेंढ्यातून ओल निघून जाते. भिजलं की बदला, हेच खरं काम, आणि ते रोज बघावं लागतं.

एखादं पिल्लू बाजूला पडून गार लागलं तर दूध पाजायची घाई करू नका, गार पिल्लाला दूध पचत नाही. आधी स्वतःच्या अंगाशी धरून किंवा कापडात नीट गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली जवळ ठेवून हळूहळू गरम करा, मग आईजवळ लावा. आईला मात्र पोटभर खायला आणि पाणी द्या, दूध तिथूनच येणारे. आणि बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून ठेवा, सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॉनेटवर थाप मारा आणि खाली वाका, इंजिनच्या उबेला कोण झोपलंय सांगता येत नाही.

कुत्रा पावसात भिजून गारठला तर घाबरायचं कधी?

कुडकुडतोय तोवर टॉवेलनं खरखरून कोरडा करा, कोरड्यात गुंडाळा, ड्रायर असेल तर कमी गरम आणि लांबून. घाबरायचं ते कुडकुडणं थांबलं आणि तरी तो सुस्तच असेल तेव्हा. हिरड्या फिकट, चाल अडखळती, हाक मारून उठत नाही, तापमान ३७ च्या खाली, हे दिसलं तर गुंडाळून थेट दवाखान्यात. कढत पाण्यात बसवू नका.

आमचा बीगल हीटरसमोरून हलतच नाही, वजनही वाढलंय, आळशी झालाय. थंडीचाच परिणाम ना?

असेलही, पण थायरॉईड तपासून घ्या. मध्यम वयाच्या कुत्र्यांत थायरॉईड कमी झालं की नेमकं असंच होतं, ऊब शोधत बसतात, खाणं तेवढंच आणि वजन वर, अंगावरचे आणि शेपटीचे केस विरळ. रक्ताच्या तपासणीत कळतं आणि गोळीनं आटोक्यात येतं. तोवर हीटर आणि त्याच्यात अंतर राहील असा आडोसा लावा, भाजतंय हे कुत्र्यांना बरंच उशिरा कळतं, वायर चावत नाही ना तेही बघा, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवत असाल तर ती आजच बाहेर काढा.