जपानसारखा आपला बाजारही वीस-तीस वर्षं तिथंच राहिला, तर इंडेक्स फंडवाल्याचं काय?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: वय २८, निफ्टीच्या इंडेक्स फंडात (निफ्टी या निर्देशांकातल्या पन्नास मोठ्या कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा फंड) महिन्याला पाच हजारांची एसआयपी, म्हणजे ठरावीक हप्ता, चालू आहे. दोन-अडीच वर्षांनी शिरपूरला प्लॉट घ्यायचा म्हणून तीन लाख जमवलेत, तेही त्याच फंडात टाकावेत असं मनात आहे. आणि जपानबद्दल वाचल्यापासून झोप लागत नाही.

मी जळगावला एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. गुंतवणूक सल्लागार नाही, पण २००८ पासून इंडेक्स फंडात आहे, म्हणून लिहितो.

जपानचं खरं आहे. तिथला शेअर निर्देशांक निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला आणि तो आकडा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. मधे मार्च २००९ मध्ये तो ७,०५४ पर्यंत उतरला होता. एसआयपीवाल्यांना धीर देताना लोक सांगतात की दरमहा घेत राहिलेला माणूस २०२४ ला चांगल्या फायद्यात होता. तेही खरंच आहे. पण १९९० पासून न चुकता घेत राहिलेला आणि २०१२ च्या सुरुवातीला निवृत्त झालेला माणूस बावीस वर्षांनंतरही तोट्यात होता, हे त्यांनी त्याच दमात सांगायला हवं. एसआयपी म्हणजे कवच नव्हे.

आपल्याकडं असं झालंच नाही, असंही समजू नका. एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहताचा शेअर घोटाळा फुटला तेव्हा, मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स ४,४६७ वर गेला होता. २००३ च्या एप्रिलमध्ये तो तीन हजारांच्या खाली होता. अकरा वर्षं गेली, दरम्यान किराणा, शाळेची फी, बसचं तिकीट सगळं दुपटीच्या घरात गेलं, आणि निर्देशांक उलट खाली. अमेरिकेत डाऊ हा तिथला निर्देशांक १९६६ ला हजाराच्या उंबरठ्यावर होता, ऑगस्ट १९८२ मध्ये ७७७ वर.

कारण बहुतेक वेळा एकच असतं: सुरुवातीला मोजलेला अवाच्या सवा भाव. १९८९ च्या जपानमध्ये पी/ई ६० च्या आसपास होता, म्हणजे कंपनीच्या एका रुपया नफ्यासाठी लोक साठ रुपये देत होते. १९९२ ला आपल्याकडंही तो ४० च्या वर होता. पुढं कंपन्यांचा नफा वाढला तरी तो आधीच मोजलेली किंमत भरून काढण्यातच गेला. इंडेक्स फंड मरतुकड्या कंपन्या काढून नव्या आत घेतो, पण सगळा बाजारच महाग असेल तर त्याला काही करता येत नाही. म्हणून पी/ई अधूनमधून बघत जा. तो बघून एसआयपी थांबवू नका, पण एकरकमी पैसे टाकताना जरूर बघा.

आता जी गोष्ट समजायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली ती सांगतो. ‘तिथंच राहिला’ म्हणजे कोणत्या वाटेनं राहिला? समजा युनिटचा, म्हणजे फंडाच्या एका हिश्श्याचा, भाव १००, ८०, ५०, ८०, १०० असा गेला आणि तुम्ही दर वेळी हजार रुपये टाकले. युनिटं होतात ६५, आणि पाच हजारांचे साडेसहा हजार. आता तोच भाव १००, १२५, २००, १२५, १०० असा गेला तर युनिटं ४१, आणि पाच हजारांचे चार हजार शंभर. दोन्हीकडं बाजार शंभरावरून शंभरावरच. खड्डा आपल्या कमावत्या वयात पडला तर तो आपल्या कामाचा. डोंगर चढून उतरला, तर मात्र आपण महागात घेतलेलं असतं.

माझी एसआयपी जानेवारी २००८ ला सुरू झाली, सेन्सेक्स एकवीस हजारांवर असताना. मार्च २००९ मध्ये तो साडेआठ हजारांच्याही खाली आला. महिन्याला दोन हजार जायचे, घरात रोज बोलणी बसायची. २०१३ संपताना सेन्सेक्स पुन्हा एकवीस हजारांवर, म्हणजे सहा वर्षांत शून्य. माझ्या १ लाख ४४ हजारांचे तेव्हा १ लाख ९० हजारांच्या आसपास झाले होते, लाभांश त्यातच धरून. बँकेच्या आरडीनंही जवळपास तेवढेच दिले असते, हे मी लपवत नाही. खरी कमाई पुढच्या दहा वर्षांत झाली, ती त्या सहा वर्षांत गोळा झालेल्या युनिटांवर.

माझ्या थोरल्या भावानं त्याच महिन्यात एकरकमी चार लाख टाकले होते. मुलीच्या लग्नाचे. लग्न २००९ च्या एप्रिलात होतं. पुढचं तुम्हीच ओळखा.

हे मला परत आठवलं ते काकांच्या कापसामुळं. काका अमळनेर तालुक्यात असतात. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा-बारा हजारांवर गेला होता, ते आकडे सगळ्यांच्या डोक्यात बसले. पुढच्या वर्षी साडेआठ हजार मिळत असताना काकांनी माल घरात भरला. पुढची खोली आढ्यापर्यंत गच्च, दार अर्धंच उघडायचं, कापसातल्या किड्यांमुळं पोरांच्या अंगाला खाज. विचारलं की काका म्हणायचे, “भाव वाढी, आते इकानं नही.” (भाव वाढेल, आत्ता विकायचं नाही.) जूनमध्ये बियाणं-खताला पैसे हवे होते, तेव्हा सात हजारांनी सगळा काढला. कापूस घरात पिवळा पडतो, वजनाला घटतो, कंपनी मात्र नफा कमावत राहते, म्हणून दोन्ही एकच असं मी म्हणणार नाही. पण ज्या पैशाला तारीख आहे तो भावावर सोडला की काय होतं, ते त्या खोलीत मला दिसलं.

जळगावात राहून सोन्याचं न सांगणं बरं नाही. जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलर झालेलं सोनं तो भाव पुन्हा बघायला जानेवारी २००८ पर्यंत थांबलं. रुपया घसरत गेल्यानं आपल्याला ते तेवढं जाणवलं नाही, एवढंच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पाच हजारांची एसआयपी चालू ठेवा, पगार वाढेल तशी वाढवा. २८ व्या वर्षी बाजार दहा वर्षं रखडला तरी तुमच्याकडं सावरायला वेळ आहे, आणि आत्ता आत असलेली रक्कम तशी लहान आहे. खरी काळजी पन्नाशीनंतरची, जमलेली पुंजी मोठी आणि नवा हप्ता तिच्यापुढं किरकोळ असेल तेव्हाची. त्या वयात रखडलेला बाजार एसआयपीवाल्यालाही एकरकमीवाल्यासारखाच लागतो. म्हणून पैसे लागणार असतील त्याच्या सहा-सात वर्षं आधीपासून दरवर्षी थोडे काढून पीपीएफ, एफडी असं सरकवत जा. मी सध्या तेच करतोय. फंडाचा हिशेब लावताना नुसता निफ्टीचा आकडा बघू नका, लाभांशासह मोजलेला टीआरआय बघा. रखडलेल्या वर्षांत हातात येतं ते बरंचसं त्या लाभांशातूनच.

प्लॉटचे तीन लाख मात्र फंडात टाकू नका. या आठवड्यात बँकेत जा, एफडी करा, आणि मुदत खरेदीखताच्या महिनाभर आधी संपेल अशी निवडा.