बॉस सगळ्यांसमोर ओरडतो, चुका माझ्या नावावर टाकतो, सुट्टीही देत नाही. नोकरी सोडू की सहन करू?

ओरडण्याचं आधी बाजूला ठेवू. ओरडणारा बॉस वाईटच, पण तो परवडतो. "चुका माझ्या नावावर टाकतो" हे तुम्ही प्रश्नात मधल्या मधे लिहून पुढे गेलात. खरं दुखणं तिथे आहे आणि मी फक्त तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात मेटलर्जी लॅब, म्हणजे धातू तपासायची लॅब, सांभाळायचे. आमचे प्लांट हेड ओरडण्यासाठी प्रसिद्ध होते. सकाळच्या मीटिंगला स्टाफची पोरं घरून पोटात गोळा घेऊनच यायची. पण एक गंमत बघा. हा माणूस परमनंट ऑपरेटरवर कधीच ओरडला नाही. तिथे युनियन होती. एखादा साहेब आवाज चढवून बोलला की दुसऱ्या शिफ्टला लाइन हळू चालायची. त्यामुळे ऑपरेटरशी "काय म्हणताय दादा, घरी सगळं ठीक?" आणि तिथून वीस पावलांवर सुपरवायझरला आईवरून शिवी. इंजिनियर, सुपरवायझर, ट्रेनी यांच्या मागे कोणी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून "सरांना राग आवरत नाही हो, मनाने चांगले आहेत" असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. जिथे उलट उत्तर यायची भीती असते तिथे त्यांना राग छान आवरतो.

आता मुद्द्याचं. हे साहेब काहीही लिहून द्यायचे नाहीत. तुम्ही मेल केला की उत्तर फोनवर. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न टाकला की "कॉल करा". मीटिंगमध्ये सगळं ठरायचं, पण मिनिट्स कोणी लिहायला घेतली की "अरे, आपण काय सरकारी हापिस आहोत का?" म्हणून हसायचे. सगळे सोबत हसायचे. मला यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

2018 चा मार्चअखेर. इंडक्शन हार्डनिंग केलेल्या, म्हणजे विजेने तापवून आणि लगेच पाणी मारून वरचा थर कडक केलेल्या शाफ्टचा एक लॉट माझ्याकडे तपासायला आला. ड्रॉइंगवर कडकपणा 55 ते 60 एचआरसी, रॉकवेल मशीनच्या मापात. एका पीसवर तीन ठिकाणी रॉकवेल मारलं तर 57, 58, 57. चौथ्या ठिकाणी 44. परत मारलं, परत तेच. पीस कापला, घासला, नायटल (थर दिसायला लावतात ते ॲसिड) लावलं, तर कडक झालेला थर एका बाजूला चक्क तुटलेला. मशीनवर जाऊन बघितलं तर क्वेंच रिंगची, म्हणजे पाणी फवारणाऱ्या कड्याची, काही भोकं गाळाने चोक, आणि जॉब फिरवणारा स्पिंडल मधेच अडकत होता. तापलेल्या लोखंडावर एका बाजूने पाणीच पुरेसं पडत नव्हतं. या कामातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. तो मऊ पट्टा झिजणार, आणि झिजणार तो कस्टमरच्या गाडीत.

लॉटला लाल टॅग लावला, होल्ड. संध्याकाळी साहेब लॅबमध्ये. डॉकवर गाडी उभी, महिन्याचं बिलिंग अडलेलं. मॅडम, टॅग काढा. मी म्हटलं, सर, कस्टमरकडून डेव्हिएशन, म्हणजे असा माल घ्यायची लेखी सूट, घेऊ, किंवा पूर्ण लॉट तपासून खराब पीस वेगळे करू. त्यावर ते जे बोलले ते मी आयुष्यात विसरणार नाही. "तीन ठिकाणी ओके आहे ना? मग चौथीकडे कशाला जाता?"

मी म्हटलं, ठीक आहे सर, रिपोर्टवर तुम्ही सही करा.

"सही-बिही नंतर बघू. मी सांगतोय ना!"

ते गेल्यावर मी मेल लिहिला. चार ओळींचा. आत्ता लॅबमध्ये झालेल्या बोलण्यानुसार हा लॉट पाठवण्याची सूचना आपण दिली आहे, अमुक पीसवर 44 आढळलं आहे, माझ्या मते लॉट होल्डवरच राहावा, टॅग मी काढलेला नाही. खाली लॉट नंबर आणि वेळ. साहेबांना पाठवला, डिस्पॅचला कॉपी. एकही विशेषण नाही, एकही "अत्यंत खेदाने" नाही. दहा मिनिटांत फोन: "मेल कशाला टाकला? मी काय पळून चाललोय का?" फोनवरच, अर्थात.

गाडी त्या रात्री गेलीच. मी घरी गेल्यावर सेकंड शिफ्टला एक नीम ट्रेनी (सरकारी योजनेतला शिकाऊ मुलगा) होता, लातूरकडचा, डिप्लोमा नुकताच झालेला. त्याच्याकडून नवीन रिपोर्ट करून घेतला. तीन रीडिंग, सगळी ओके, खाली त्याची सही. पोरगं काय करणार? समोर प्लांट हेड उभा.

पुढे व्हायचं तेच झालं. पार्ट कस्टमरकडे पकडला गेला, आमची माणसं तिकडे सॉर्टिंगला बसली, नुकसान आमच्याकडून वसूल करायची डेबिट नोट आली आणि कस्टमरचा क्वालिटीवाला आमच्याकडे येऊन बसला. बोर्डवर व्हाय-व्हाय सुरू, म्हणजे पाच वेळा "का?" विचारत मूळ कारण शोधणं. ज्यांनी हे केलं असेल त्यांना माहीत आहे, आपल्याकडे पाचवा व्हाय नेहमी सर्वांत गरीब माणसापाशी जाऊन थांबतो. इन्स्पेक्टरचा निष्काळजीपणा, उपाय म्हणून ट्रेनिंग दिलं, फोटो जोडला. इथेही तेच चाललं होतं. साहेब शांतपणे सांगत होते की लॅबच्या नवीन मुलाने नीट चेक केलं नाही आणि लॅब इनचार्जचंही लक्ष नव्हतं. तो मुलगा दाराजवळ उभा होता, मान खाली.

मी मेलची प्रिंट टेबलावर ठेवली. मेलची वेळ त्या मुलाच्या रिपोर्टच्या आधीची होती. म्हणजे मुलाने सही करायच्या आधीच लॉट खराब आहे हे साहेबांना लेखी कळलेलं होतं. यावर वाद घालायला जागाच नाही. कस्टमरच्या माणसाने दोन वेळा वाचलं आणि बोर्डवरचा "इन्स्पेक्टर निष्काळजी" हा व्हाय स्वतः पुसला.

सिनेमात यानंतर टाळ्या पडतात. प्रत्यक्षात साहेबांना मुख्य ऑफिसमधून समज दिली म्हणे, ते जागेवरच राहिले. मला लॅबमधून काढून डॉक्युमेंट कंट्रोलला, म्हणजे कागद सांभाळायला, बसवलं, त्या वर्षीचं इन्क्रिमेंट नावापुरतं. त्या मुलावर डाग लागला नाही, पण मुदत संपल्यावर त्याला पुढे घेतलंही नाही. आता तो दुसरीकडे लॅबमध्येच आहे, दिवाळीला मेसेज येतो. मी आजही तो मेल पाठवीन. पुन्हा चार ओळींचाच.

आणि इथे माझा दादा मधे येतो. माझा सख्खा मोठा भाऊ, पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून पूर्ण नोकरी काढली, रिटायर झाला. त्याचं ठाम मत असं की साहेब हा बापाच्या जागी, बाप रागावला तर आपण पोलिसात जातो का? तो मेल टाकला नसतास तर आज क्वालिटी मॅनेजर असतीस. हे तो गणपतीत बोलतो, लग्नात बोलतो, माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन बोलतो. माझं त्याला एकच म्हणणं आहे. बाप स्वतःची चूक लेकराच्या नावावर लिहून बाहेरच्या माणसासमोर उभं करत नाही. करत असेल तर त्यालाही मेल टाकावा.

दादा म्हणतो त्यात एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करते: घर चालवायचं असतं. म्हणून मी रागात राजीनामा फेकला नाही. डॉक्युमेंट कंट्रोलला गप बसले, बाहेर इंटरव्ह्यू देत राहिले आणि पाच वर्षं पुरी झाल्यावर निघाले. ग्रॅच्युइटीसाठी. तेव्हाचा हिशोब: शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचं, गुणिले नोकरीची वर्षं. ही रक्कम साहेबाच्या कृपेवर नसते, कायद्याने 30 दिवसांत द्यायची असते. मला "बघू, प्रोसेसमध्ये आहे" चालू झालं तेव्हा अर्ज आरपीएडीने, म्हणजे पोचपावतीच्या रजिस्टर्ड पोस्टाने, पाठवला, पोचपावती जपून ठेवली. मग प्रोसेस झाली. तुमची चार वर्षं होऊन गेली असतील आणि तुम्ही उद्या सकाळी तोंडावर राजीनामा फेकायच्या बेतात असाल तर कृपा करून आधी कॅलेंडर बघा. त्या माणसासाठी स्वतःचे पैसे सोडणं हा कसला स्वाभिमान?

तर, सोडू की सहन करू? मला तुमची नोकरी कशातली आहे, कर्ज किती, घरात कमावतं कोण, काहीच माहीत नाही, त्यामुळे हो-नाही सांगणार नाही. पण "सकारात्मक राहा, साहेबांशी मनमोकळं बोला, ध्यान करा" सांगणारे भेटले तर त्यांना नमस्कार करा. मनमोकळं बोलणं समान माणसांत होतं. तुम्ही त्याला जे मन मोकळं करून सांगाल ते तो पुढच्या अप्रेझलला वापरील. एचआरचंही तेच. एचआर चहा पाजतील, ऐकून घेतील, पण त्यांचा पगार कंपनी देते. तिथे रडायला जाऊ नका, जायचं तर कागद घेऊन जा.

आजपासून त्याने तोंडी काहीही सांगितलं की त्याच दिवशी दोन-तीन ओळींचा मेल: आपण सांगितल्याप्रमाणे अमुक करतो आहे, काही बदल असल्यास कळवावं. भाषा इतकी साधी ठेवा की वाचणाऱ्याला वाटावं हा फार आज्ञाधारक माणूस आहे. उत्तर आलं नाही तरी चालेल. बहुतेक येणारच नाही. महिनाभरात तुमच्या नावावर खापर फोडायचं कमी होईल, कारण असा माणूस आधी बघतो कोणाकडे कागद नाही. ओरडणं वाढेल. वाढू द्या.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. कंपनीचे मेल, ड्रॉइंग, रिपोर्ट स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका, आयटीवाल्यांना दिसतं आणि गोपनीयता मोडली म्हणून उलट तुम्हालाच काढता येतं. घरी साधी वही ठेवा, तारीख, वेळ, कोण हजर होतं, एवढंच. तुम्ही बाई असाल आणि त्रासाचं स्वरूप लैंगिक असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवा. तिथे 2013 चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. आणि रात्री झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर ग्रॅच्युइटी-बिच्युइटी सगळं गेलं खड्ड्यात, निघा. निघताना घाबरवतील की हिशोब अडकवू. पूर्वी फुल अँड फायनलला, म्हणजे शेवटच्या हिशोबाला, दीड-दोन महिने लावणं हा रिवाजच होता. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर कामाच्या दोन दिवसांत पगार चुकता करायचा आहे. कंपन्या पाळतील तेव्हा पाळतील, तुम्ही मागताना कायद्याचं नाव घालून मागा. पीएफची एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीखही आता सोडल्यावर दोन महिन्यांनी पोर्टलवर स्वतःला टाकता येते, त्यासाठी कोणाच्या पाया पडायला नको.

राहिली सुट्टी. तोंडी मागू नका, केबिनच्या दारात उभं राहून तर अजिबात नको. पोर्टलवर टाका, पोर्टल नसेल तर मेल. नाकारू दे. कारखान्यात कामगाराला 20 दिवसांच्या कामामागे एक पगारी रजा मिळते आणि साठवायला मर्यादा असते, पण अर्ज करून नाकारलेली रजा त्या मर्यादेबाहेर पुढे नेता येते. 1948 च्या कारखाना अधिनियमात हे होतं, त्याच्या जागी आलेल्या कामाच्या सुरक्षा-आरोग्य संहितेतही आहे. अर्ज नसेल तर नाकारली कोणी आणि कधी? दादाच्या अशा रजा वर्षानुवर्षं बुडाल्या, कारण बापाच्या जागी असलेल्या साहेबाला अर्ज काय द्यायचा म्हणून तो तोंडीच मागायचा, आणि साहेब "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायचे. यंदा गणपतीत विषय निघाला तर हेच सांगणार आहे त्याला.