टर्बोचे 3 लाख पेट्रोलमधून वसूल होतील का?

प्रश्न: आम्ही चिपळूणला राहतो. क्रेटा घ्यायचं ठरलं आहे. साधं 1.5 पेट्रोल मॅन्युअल की 1.5 टर्बो? ऑन-रोड फरक 3 लाखांचा आहे. सेल्समन म्हणतो, टर्बोचं मायलेज जास्त आहे, पैसे वसूल होतील. हे 3 लाख 9 टक्क्यांच्या कर्जातून येतील. वर्षाचं रनिंग 12,000 किलोमीटर. महिन्यातून दोनदा पाचजण कुंभार्ली घाटातून कराडला जातो. मुलगी अकरावीत आहे.

उत्तर: ताई, आधी सेल्समनचा हिशेब तपासू. कंपनीच्या आकड्यांनुसार साधं इंजिन लिटरला 17.4 आणि टर्बो डीसीटी (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) 18.4 किलोमीटर देतं. तुमच्या रनिंगला वर्षाकाठी जेमतेम 38 लिटर वाचतील. लिटरला 105 रुपये धरले तरी 4,000 रुपये, म्हणजे महिन्याला 330. आणि त्या 3 लाखांचा पाच वर्षांचा हप्ता येतो महिन्याला 6,200. व्याजच 73,000 च्या वर जातं. पेट्रोलमधून ही रक्कम वसूल होणार नाही.

शिवाय तो 18.4 चा आकडा चाचणीतला आहे. त्या चाचणीत गाडी रोलरवर चालते, वेग ताशी 90 च्या पुढे जात नाही, पिकअपही हळुवार असतो. टर्बोवर जोर येतच नाही. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. तिथे त्याची वाफ होताना आतली हवा थंड होते, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकणं) टळतं, म्हणून टर्बो असूनही कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण दाबण्याचं प्रमाण, चांगलं ठेवता येतं. हलक्या पायाने चालवलं तर याचा फायदा खरोखर मिळतो. पण पाय दाबला की टर्बो जास्त हवा कोंबतो, आणि हवेच्या साधारण 14.7 भागांना पेट्रोलचा एक भाग लागतोच. ताकद पेट्रोल जाळूनच येते. माझी स्वतःची गाडी टर्बो आहे आणि मी टाकी फुल ते टाकी फुल वहीत लिहून ठेवतो. कोल्हापूर रस्त्यावर 80-85 ने गेलो की 17 पडतं. घाईत, ओव्हरटेक करत गेलो की त्याच रस्त्यावर 13.

आता टर्बोच्या बाजूचं, कारण तेही खरं आहे. तुम्ही महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटातून कराडला जाता, पाच माणसं, एसी चालू. साध्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे गाडी ओढण्याचा जोर, 144 न्यूटन-मीटर आणि तोही 4,500 आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे). चढावर ट्रकमागे अडकलात की दुसरा गिअर टाकून इंजिन ओरडवावं लागणार. टर्बोचा 253 आहे आणि तो 1,500 पासूनच हाताशी असतो. ओव्हरटेक लवकर उरकतो, आणि वळणावळणाच्या रस्त्यावर मी याला चैन म्हणणार नाही. शिवाय त्या 3 लाखांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि वरच्या व्हेरिएंटच्या सोयीही आहेत.

विम्यात थर्ड पार्टीचा स्लॅब दोन्हींना एकच, कारण दोन्ही इंजिनं 1,500 सीसीच्या आत आहेत. स्वतःच्या गाडीचा भाग मात्र किमतीमुळे वाढेल. टर्बोला कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल हवं, त्यात काटकसर नको. थेट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून (हवा आत घेणाऱ्या झडपेवरून) जात नाही, त्यामुळे तिथे कार्बन साठू शकतो. पुढेमागे सफाईचा खर्च येईल, हे धरून चाला.

माझं मत: कर्ज काढून टर्बो घेऊ नका. दोन वर्षांत मुलीच्या कॉलेजची फी सुरू होईल आणि हा हप्ता तेव्हाही चालूच असेल. साधी गाडी घ्या आणि तेच 6,200 रुपये दर महिन्याला तिच्या नावाने आवर्ती ठेवीत टाका. तिच्या शिक्षणाची रक्कम वेगळी काढून झाली असेल आणि हे 3 लाख रोख देता येत असतील, तर घाटासाठी टर्बो जरूर घ्या. मायलेजसाठी नको.

बुकिंगआधी एक करा. टेस्ट ड्राइव्ह बाजारपेठेत घेऊ नका. घरच्या सगळ्यांना बसवून, एसी लावून साधी गाडी परशुराम घाटात चढवून बघा. तिथे ती तुम्हाला पुरेशी वाटली, तर प्रश्न तिथेच मिटला.