टेनिस की क्रिकेट? कोटा रामस्वामींचा दाखला देणाऱ्या मुलाच्या आईस

मिरजेहून एका आईचं सविस्तर पत्र आलं आहे. मुलगा नववीत, नुकतंच चौदावं लागलंय. सकाळी टेनिस, संध्याकाळी क्रिकेट. टेनिसमध्ये चौदा वर्षांखालच्या गटात त्याला राष्ट्रीय क्रमवारीचे थोडेफार गुण मिळालेत. क्रिकेटमध्ये जिल्ह्याच्या शिबिरापर्यंत पोचला, अंतिम संघात मात्र नाव आलं नाही. दोन्ही प्रशिक्षकांचं म्हणणं एकच : एक काहीतरी धर. वडिलांचं म्हणणं, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या. दहावी तोंडावर आलीय, दोन्ही बंद करा.’ मुलाने कुठेतरी कोटा रामस्वामींबद्दल वाचलंय आणि तो विचारतो, ‘ते डेव्हिस कपही (देशादेशांच्या संघांची टेनिस स्पर्धा) खेळले आणि क्रिकेटची कसोटीही. मग मला का नाही जमणार?’ त्याला काय उत्तर द्यावं, असं आईंनी विचारलं आहे.

ताई, नमस्कार.

पहिली गोष्ट, मुलाचं कौतुक करा. आजकाल मुलं उदाहरण देतात ते रीलमधल्या खेळाडूंचं. तुमच्या मुलाने १८९६ साली मद्रासमध्ये जन्मलेला माणूस शोधून काढलाय. ‘तो काळ वेगळा होता’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नका. काळ वेगळा म्हणजे नेमका कशात वेगळा, हे त्याला समजावून सांगायला हवं. त्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

रामस्वामी हे बुची बाबू नायडूंचे चिरंजीव. मद्रासच्या क्रिकेटचे जनक म्हणून बुची बाबूंचं नाव घेतात. तिथल्या युरोपियन क्लबात भारतीय माणसाला मान नव्हता, म्हणून त्यांनी १८८८ मध्ये मद्रास युनायटेड क्लब उभा केला. पदरचे पैसे घालून पोरांना बॅट, पॅड, चेंडू पुरवले आणि खेळायला शिकवलं. असं घर मिळाल्यावर खेळाचं साहित्य, मैदान, जोडीदार यांची वानवा कुठली? वडील १९०८ मध्ये गेले तेव्हा रामस्वामी अवघे बारा वर्षांचे होते, पण वातावरण तयार झालेलं होतं. भाऊही क्रिकेट खेळणारे. पुढे रामस्वामी केंब्रिजला शिकायला गेले आणि तिथे त्यांनी टेनिसमध्ये ‘ब्लू’ मिळवला, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळण्याचा मान. १९२२ मध्ये डॉ. फैझींच्या जोडीने ते डेव्हिस कपमध्ये भारताकडून दुहेरीत उतरले. वय २६.

आता मुलाला विचारा, की त्या वर्षी भारताचा कसोटी संघ कुठे होता? नव्हताच. डेव्हिस कपमध्ये भारत १९२१ पासून उतरू लागला, पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये आणि रणजी करंडक सुरू झाला १९३४ मध्ये. म्हणजे सव्विसाव्या वर्षी रामस्वामींना ‘डेव्हिस कप की कसोटी?’ हा प्रश्न पडलाच नाही, पडणं शक्यच नव्हतं. देशासाठी खेळायची एकच वाट तेव्हा उघडी होती, ती टेनिसची. दुसरी उघडली तोवर त्यांची पस्तिशी उलटली होती. त्यांच्यापुढे दोन दारं एकामागून एक उघडली. तुमच्या मुलापुढे ती एकाच आठवड्यात उघडतात आणि एकाच आठवड्यात बंदही होतात. मला तरी खरा फरक इथे दिसतो. गुणवत्तेचा किंवा जिद्दीचा प्रश्न नंतरचा.

१९३६ ची गोष्ट तर त्याला जरूर सांगा, कारण ती फार सुंदर आहे. विझियानगरमच्या महाराजकुमारांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला होता. दौऱ्यात कुरबुरी इतक्या, की लाला अमरनाथांना मधूनच घरी पाठवलं. मँचेस्टरच्या दुसऱ्या कसोटीत रामस्वामींना संधी मिळाली. वय चाळीस, आयुष्यातली पहिली कसोटी. भारताचा पहिला डाव २०३ वर आटोपला, त्यात या डावखुऱ्या फलंदाजाच्या ४०. मग इंग्लंडने ५७१ चा डोंगर रचला, एकट्या हॅमंडच्या १६७. दुसऱ्या डावात विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी २०३ ची सलामी दिली. त्या एका दिवसात दोन्ही संघांच्या मिळून ५८८ धावा झाल्या. कसोटीच्या एका दिवसात इतक्या धावा आजवर पुन्हा झालेल्या नाहीत. मर्चंट ११४, मुश्ताक अली ११२ आणि त्यांच्या मागे रामस्वामी ६०. सामना वाचला. पुढच्या ओव्हल कसोटीत भारत हरला, तरी यांच्या २९ आणि नाबाद ४१ आहेतच. दोन कसोटी, १७० धावा, सरासरी ५६.६६. त्यानंतर कसोटी नाही. पुढे १९५२-५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर ते संघाचे व्यवस्थापक म्हणून गेले. उतारवयात, १९८५ मध्ये, एके दिवशी घराबाहेर पडले ते परतलेच नाहीत. इतक्या मोठ्या खेळाडूची अखेर अशी व्हावी याची मला फार हळहळ वाटते.

रामस्वामींच्या काळी खेळ हे पोट भरायचं साधन नव्हतं, हेही ध्यानात घ्या. डेव्हिस कप, विम्बल्डन या स्पर्धा हौशी खेळाडूंच्या. पैसे घेऊन खेळणाऱ्या टेनिसपटूंना मोठ्या स्पर्धांची दारं १९६८ मध्ये उघडली. आपल्याकडे कसोटीवीरालाही नुसत्या क्रिकेटवर घर चालवता येत नसे. त्यामुळे चौदाव्या वर्षी क्रमवारी, पंधराव्या वर्षी अकादमी असा हिशेब कुणी मांडत नव्हतं. आज तो मांडावाच लागतो. जवळचं उदाहरण हवं असेल तर ऑस्ट्रेलियाची टेनिसपटू अ‍ॅश बार्टीचं सांगा. तिचा जन्म रामस्वामींनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ चा. तीही दोन्ही खेळली. पण कशी? २०१४ मध्ये टेनिस थांबवलं, २०१५-१६ च्या हंगामात ब्रिस्बेन हीट संघाकडून महिला बिग बॅश ही तिथली क्रिकेट स्पर्धा खेळली, मग टेनिसकडे परतली आणि २०१९ मध्ये फ्रेंच ओपन जिंकली आणि त्याच वर्षी अव्वल स्थानावर पोचली. एकावेळी एकच. तिच्यासारख्या गुणवान खेळाडूनेही दोन्ही एकदम करून पाहिलं नाही.

आता तुमच्या घरातलं बोलू.

पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय, की वर्षभरात मुलगा चार बोटं उंच झाला आणि गुडघ्याखाली दुखतं म्हणतो. माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यांत तातडीची गोष्ट ही आहे. टेनिसची सर्व्हिस आणि क्रिकेटमधली वेगवान गोलंदाजी, दोन्हींचा ताण खांदा आणि कंबरेवर येतो, आणि वाढीच्या वयात हाडं अजून पक्की झालेली नसतात. तो मध्यमगती टाकतो असं तुम्ही म्हणता. मग गोलंदाजी आजपासून बंद, निदान हाडांच्या किंवा क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत तरी. क्रीडावैद्यकात एक ढोबळ नियम सांगतात : आठवड्यात जितकी वयाची वर्षं, त्याहून जास्त तास शिस्तबद्ध सराव नको. तुमच्या मुलाचे दोन्ही खेळ मिळून बावीस तास होतात, ते चौदावर आणायचे. ते कुठून कापायचे हा प्रश्न आलाच, आणि त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे.

जिल्ह्याच्या संघात नाव आलं नाही त्या दिवशी तो घरी येऊन जेवला आणि झोपला, असं तुम्ही लिहिलंय. टेनिसचा सामना टायब्रेकमध्ये हरला तेव्हा मात्र रात्री अकरापर्यंत वहीत एकेक गुण मांडत बसला : कुठे दुहेरी चूक झाली, कुठे बॅकहँड आखूड पडला. पावसाळ्यात मातीचं कोर्ट बंद असताना पार्किंगच्या भिंतीवर चेंडू मारत होता, तोही कुणी न सांगता. जिंकल्यावर सगळीच मुलं खूश असतात, त्यावरून काही कळत नाही. हरल्यावर मूल काय करतं ते बघावं. माझा कौल टेनिसच्या बाजूने आहे. क्रिकेट शाळेच्या संघापुरतं, फलंदाजीपुरतं राहू द्या. तोडू नका. त्या मैदानावर त्याचे मित्र आहेत, आणि टेनिस हा तसा फार एकटा खेळ आहे.

क्रिकेटची वाट त्याला नीट दाखवूनच हा निर्णय घ्या, नाहीतर आपल्याकडून काहीतरी काढून घेतलं असं त्याला वाटेल. मँचेस्टरला ११४ काढणाऱ्या विजय मर्चंटांच्याच नावाने आज सोळा वर्षांखालच्या राज्य संघांची स्पर्धा होते. त्या वयोगटासाठी मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासतात. लवकर उंच झालेली मुलं कधीकधी तिथेच अडकतात. जिल्ह्याच्या शिबिरातून राज्याच्या संघात जाणं आणि तिथे टिकणं याला पुढची दोन वर्षं पूर्णवेळ लागतील. क्रिकेटमध्ये निवड झाल्यावर प्रवास आणि राहण्याचा भार बहुतेक वेळा संघटना उचलते, ही त्या बाजूची जमेची गोष्ट. टेनिसमध्ये तसं नाही. प्रत्येक स्पर्धेचं प्रवेशशुल्क, प्रवास, राहणं, रॅकेटची तार, सगळं तुमच्या खिशातून. म्हणून वर्षाचा आकडा आधी ठरवा आणि त्यातच बसवा. सुरुवातीला टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज या क्रमवारीच्या खालच्या पायरीवरच्या मालिकांतल्या जवळपासच्या, म्हणजे कोल्हापूर, सोलापूर, पुण्याच्या स्पर्धा निवडा. क्रमवारीच्या मागे लागून दर पंधरवड्याला दूरच्या गावी जाऊ नका.

वडिलांची काळजी रास्त आहे, आणि त्यांना सांगण्यासारखं बरंच आहे. अमेरिकेतली विद्यापीठं चांगल्या टेनिसपटूंना शिष्यवृत्ती देतात. आपला सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला आणि २००७ आणि २००८ असा सलग दोनदा तिथला आंतरविद्यापीठ एकेरीचा विजेता ठरला. पण तिथे प्रवेश देताना नववीपासूनचे गुण पाहतात. म्हणजे टेनिससाठीच अभ्यास हवा. हे मुलाला वडिलांच्या तोंडून कळू द्या. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावीला क्रीडा सवलतीचे गुणही मिळतात. मात्र त्यासाठी शासनाने मान्य केलेल्या स्पर्धांमधली कामगिरी लागते. नुसते क्रमवारीचे गुण तिथे चालतील असं गृहीत धरू नका. सांगलीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन यंदाचे नियम आणि अर्जाची मुदत विचारून घ्या. शाळा ही माहिती वेळेत देईलच असं नाही.

मुलाला मात्र एक वचन द्या. सोळाव्या वर्षी, दहावीचा निकाल लागल्यावर, आपण तिघं पुन्हा बसू. तोवर टेनिस मुख्य, क्रिकेट शाळेपुरतं. त्या वेळी त्याला मनापासून क्रिकेट हवंसं वाटलं तर ऐकून घेऊ. तेव्हा सुरुवात करून फलंदाज झालेली मुलं आहेत. गोलंदाजी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नाही.

पुढच्या पत्रासोबत तीन गोष्टी पाठवा : डॉक्टरांनी काय सांगितलं ते, त्याच्या त्या वहीतल्या शेवटच्या दोन-तीन सामन्यांच्या पानांचे फोटो आणि पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही निवडलेल्या स्पर्धांची यादी खर्चासकट. यादी बाबांना आणि मुलाला एकत्र बसून करू द्या. त्यावर मी सविस्तर लिहीन.