लक्षद्वीपला एका दिवसात बोटीने किती बेटं होतात? आईला बोट लागेल का?

आम्ही बेळगावहून घरचे सगळे मिळून गेलतो, आई पण होती, त्यामुळे दोन्हीचं उत्तर देतो.

अगत्तीवरून (विमानतळ आहे ते बेट) निघालात तर बंगारम, तिन्नकरा आणि परळीची (वैजनाथाची नव्हे) बारकी बेटं, सगळी एकाच लगूनमध्ये (प्रवाळाच्या म्हणजे कोरलच्या कड्याने वेढलेलं उथळ पाणी) आहेत, दिवसात होतात. पण मी म्हणेन दोनच करा. बेटावर काय ओ, माड आणि पांढरी वाळू, थोड्या वेळात बघून होतंय, खरी मजा मधल्या पाण्यात आहे. बोटीची सावली खाली वाळूवर पळताना दिसते, इतकं नितळ!

आपण गोवा-कारवार बघितलेली माणसं, समुद्र म्हणजे गढूळच असतोय असं वाटायचं. लक्षद्वीपचं पाणी नितळ, याचं कारण सोपं आहे, तिथे नदीच नाही. आपल्या खानापूरच्या जंगलात उगम पावलेली महादई पावसाळ्यात लाल माती घेऊन मांडवी होऊन पणजीला समुद्रात ओतते, कारवारला काळी नदी तेच करते. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची, 36 बेटं मिळून जमीनच जेमतेम 32 चौरस किलोमीटर, ना नदी ना ओढा, गाळ येणार कुठून? त्याच कारणाने प्यायच्या पाण्याची बोंब, समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट कवरत्तीला 2005 मध्ये झाला, नंतर अगत्तीला पण. आणि आपण इथे नळाला पाणी उशिरा आलं की नगरसेवकाच्या नावाने ओरडतो.

आमचा बोटवाला लगूनमध्ये शिरला की नुसता पाण्याचा रंग बघत बोट चालवायचा. फिकट निळं-हिरवं म्हणजे खाली वाळू, तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ वर आलंय, तिकडे गेलं की बोट घासली, गडद निळं म्हणजे खोल. पण हे रंग ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे असलं तरच कळतात, समोरून आलं की पाणी नुसतं चकाकतंय. बंगारम अगत्तीच्या ईशान्येला, म्हणजे परतताना तोंड नैऋत्येला आणि संध्याकाळचं ऊन सरळ डोळ्यात. म्हणून जेवण झाल्या झाल्या तो उठा उठा करायला लागला, आमची पोरं सनसेट बघून जाऊया की म्हणून मागे लागली तरी ऐकेना, आणि बरोबरच होतं त्याचं.

आता आईचं. लगूनच्या आत पाणी तळ्यासारखं असतं, काही त्रास नाही. अगत्ती आणि बंगारमच्या मधे उघड्या समुद्राचा पट्टा लागतो, तिथे बोट चांगलीच हलते. तेवढा वेळ त्यांना पुढे टोकाला बसवू नका, मधे किंवा जरा मागे बसवा, नजर लांब क्षितिजावर ठेवायला सांगा, मोबाईल अजिबात नको. गोळी डॉक्टरला विचारून निघायच्या आधीच द्या, उलटी सुरू झाल्यावर देऊन काय उपयोग. रिकाम्या पोटी पण नको, चिरमुरे-भडंग चालतंय, कुंदा परत आल्यावर. आमच्या आईने तो पट्टा डोळे मिटून रामरक्षा म्हणत काढला आणि लगूनमध्ये शिरल्यावर उठून सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली.

परमिटशिवाय जाता येत नाही, ते आधी काढा, तिकीट नंतर. पावसाळ्याचा विचारच करू नका. आणि पोरांना प्रवाळाचा तुकडा उचलू देऊ नका, वन्यजीव कायद्यात येतंय ते.